शेवटच्या बांधीचा प्रोसेसर

८ सप्टेंबर, सोमवार

नवा सर्व्हर चालू झाला. पहिला बिल्ड सकाळी १०:२० ला सुरू, १०:३१ ला हिरवा दिवा. जुन्या बोर्डाला याच कामाला पाऊण तास लागायचा. तो जुलैत वीज पडली त्या दिवशी गेला. त्याची जळकी पट्टी मी फेकलेली नाही, खणात आहे.

आता रीत अशी: माझी सहकारी प्रणाली हिने प्रोग्रॅममध्ये बदल केला की सर्व्हर तो स्वतः उचलतो, बांधतो, तपासतो आणि तयार फाइल ठेवून देतो. तलावांवरच्या पाणी मोजणाऱ्या चौदा पेट्या रोज सकाळी सहाला नेटवरून ती फाइल ओढून घेतात. मधे माणसाचा हात नाही. हात नाही म्हणून मी तीनदा पाहिले. तिन्ही वेळा हिरवा.

सर म्हणाले, "होमराज, आजपासून बिल्ड तुझं. पेट्या बसवायला दुसरा माणूस पाहतो."

पेचकस खणात ठेवला, जळक्या पट्टीशेजारी. पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षी सुटले, त्यानंतर "हे तुझं" असे कोणी म्हणाले नव्हते. यावर जास्त लिहीत नाही.

९ सप्टेंबर, मंगळ.

चौदाच्या चौदा मुक्या. ऑफिसच्या भिंतीवरची चाचणीची पेटीसुद्धा. पाण्याची उंची नाही, काही नाही. फाइल ओढणारा भाग वेगळा आहे म्हणून तेवढा जिवंत.

कारण सापडायला वीस मिनिटे लागली, पचायला जास्त. सर्व्हरने प्रोग्रॅम स्वतःच्याच प्रोसेसरसाठी बांधला. पेट्यांमध्ये आर्म जातीची छोटी चिप असते, सर्व्हरची जात निराळी. पेटी म्हणते, ही फाइल मला वाचताच येत नाही. आणि जुना बोर्ड? तोही स्वतःसाठीच बांधायचा. फक्त तो पेट्यांच्याच जातीचा होता. म्हणजे चार वर्षे कोणासाठी बांधायचे ते आम्ही कधी सांगितलेच नव्हते. न सांगता जमत होते.

प्रणाली: "टार्गेट टाकलंच नाहीस? यार होमराज, मग तो स्वतःपुरताच स्वयंपाक करणार ना."

ती नागपूरची, इंजिनीअर, मनात काही ठेवत नाही. बरे आहे.

बिल्डच्या आज्ञेत टार्गेट सक्तीने लिहिले: आर्म. सर्व्हर कोणताही असो, जात ही. १२:०५ ला भिंतीवरची पेटी बोलली. बाकीच्या उद्या सकाळी सहाला घेतील.

१० सप्टेंबर

६:१५ पर्यंत तेरा पेट्या बोलल्या.

चौदावी कोंढ्याची. आमच्या गावची.

६:४० ला देवचंद काकांचा फोन. काका तलावाचे पाणकर, कोणाच्या बांधीला (धानाच्या शेताला) पाणी कधी ते त्यांच्या हातात. "काहून गा होमराज, तुह्या डब्ब्याचं थोबाड काहून बंद आहे? दोन दिवस झाले."

म्हटले, आज पाहतो.

"आज पाह्य नाईतं उद्या पाह्य. पण पंचवीस तारखेले पाळी सुरू होऊन राहिली, तवा मी का तुह्या डब्ब्याकडं पाहू का पाण्याकडं?"

पाळी म्हणजे धान निसवताना (लोंब्या बाहेर पडताना) तलावातून द्यायचे शेवटचे पाणी. चार दिवस चालते. पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत उतरले की पेटीचा भोंगा वाजतो आणि तुडूम (तलावाची मोरी) बंद करतात, म्हणजे गुराढोरांपुरते पाणी तलावात उरते.

दुपारी कोंढ्याच्या तलाव समितीचा सरांना फोन. सरांनी मला बोलावले. ओरडले नाहीत, ते जास्त वाईट. "कोंढ्याची पेटी माझी पहिली पेटी. या पाळीत भोंगा वाजला नाही तर समिती ती काढून परत पाठवणार. पहिली परत आली तर बाकीची तेरा गावं काय म्हणतील? भोंगा वाजला पाहिजे. नाही वाजला तर बिल्डचं काम नागपूरच्या माणसाकडे देतो, तू पुन्हा पेट्या बसव."

बरोबर बोलले. मी त्यांच्या जागी असतो तर हेच बोललो असतो. वाजेल.

११ सप्टेंबर, गुरु.

पवनीच्या एसटीने कोंढा. सोबत लॅपटॉप, वायर, कापसाचे बोळे, स्पिरिट, जुना प्रोग्रॅम भरलेले कार्ड (दोन, एक जास्तीचे).

पेटी उघडली. आत मुंग्यांचे घर. चिपवरची धूळ पुसली, नाव वाचले, वहीत उतरवले. आर्मच, पण सहावी पिढी. ऑफिसच्या भिंतीवरची सातवी. मी टार्गेटमध्ये नुसते "आर्म" लिहिले आणि सर्व्हरने आपल्या मनाने सातवी धरली. कोंढ्याची पेटी फाइल उघडते, दोन पावले चालते आणि म्हणते, ही आज्ञा मला माहीत नाही. खलास.

जुना प्रोग्रॅम भरला तर चालतो, पण उपयोग नाही. उन्हाळ्यात गाळ काढला, त्यामुळे तुडूम बंद करायची खूण ११० सेंमीवरून ८४ वर आली. जुन्यात ११० प्रोग्रॅमच्या आतच कोरलेले आहे (सरांची जुनी सवय). तो सव्वीस सेंमी आधीच बोंबलेल. कार्ड परत खिशात.

मधे उघाड पडली म्हणून हलक्या धानाला थोडे पाणी देणे चालू होते. पेटी मुकी, त्यामुळे काका सकाळपासून तुडुमाजवळ बसून. तिथे एक उभा दगड आहे, त्यावर उन्हाळ्यात मीच रंगाने सेंमी आखले होते. खरे तर काकांनी खाली शेवटच्या बांधीवर असायला हवे, अर्धा कोस. तिथे पुतण्याला पाठवलेले. तो दर अर्ध्या तासाने फोन करून विचारत होता, आता कोणता धुरा (बांधीचा बांध) फोडू.

यशोदाबाई आल्या. समितीच्या अध्यक्ष. त्यांची बांधी तलावाच्या बांधाच्या अगदी पायथ्याशी, तुडुमाचे पाणी त्यांच्या धुऱ्याला घासून पुढे जाते, पण त्यांचा नंबर सर्वांत शेवटी.

"तलाव माह्या उशाले, अन् तहानली मीच," त्या म्हणाल्या. मग मला, "काय गा, तुह्या पेटीनं मुकं राहाचा नवस केला का?"

काका हसले. "तू अध्यक्ष आहेस बाई, तुले तं थांबाच लागते."

लहानपणापासून पाहतो आहे, पाणी आधी शेवटच्या बांधीला. का, ते कधी विचारले नव्हते. आज विचारले.

काका म्हणाले, "वरच्यायचं पोट आधी भरलं का खालच्याकडं कोण पाह्यते बाबू? नाली कुठं फुटली, कुठं गवत अडलं, काई समजत नाई. शेवटच्या बांधीले पाणी पोचलं म्हंजे सारी नाली चांगली आहे. मंग वरच्याले द्याले का लागते? हात लावला का झालं."

एसटीत बसायला जागा मिळाली. भंडारा येईपर्यंत वहीत एवढेच लिहिले: आपण उलटे केले. सर्वांत नवी पेटी ऑफिसच्या भिंतीवर, तिला पाणी पोचले की आपण म्हणतो पोचले.

१२ सप्टेंबर

प्र. शी भांडण. साधे, पण दीड तास.

माझे म्हणणे: टार्गेट सहावी पिढी, सगळ्यांसाठी एकच बिल्ड. सातवीची चिप सहावीची फाइल चालवते. उलटे चालत नाही.

तिचे: "तेरा चांगल्या चिपा, आणि एका म्हाताऱ्यासाठी सगळ्यांनी हळू चालायचं? दोन बिल्ड कर. एक जुन्यांना, एक नव्यांना. लोक असंच करतात."

"दोन केले तर एक दिवस याचा त्याला जाईल."

"तू असताना? तू तर कुलूप लावून परत जाऊन कुलूप पाहतोस."

मी नसताना जाईल, असे म्हटले. मग मोजले. भिंतीवरच्या पेटीवर एक वाचन: सातवीच्या बिल्डने ९ मिलिसेकंद, सहावीच्या बिल्डने १३. पेटी वाचन दहा मिनिटांतून एकदा घेते. कागद तिच्यापुढे ठेवला. तिने पाहिला, दोनदा पाहिला. "ठीक. पण म्हाताऱ्यांचं राज्य आलं म्हणायचं."

सर म्हणाले, एकच.

१३ सप्टें.

कोणत्या पेटीत कोणती चिप याची यादीच नाही! कपाट, बिले, सरांचे जुने फोटो, सगळे धुंडाळले. बाकी पेट्यांना नेटवरून विचारले. रजिस्टर केले: गाव, तारीख, चिप, पिढी, कोणी पाहिले. तेरा सातव्या. सहावी फक्त कोंढा. आणि कपाटात एक जुनी, गज वाकलेला, त्यावरचा पाण्याची उंची दाखवणारा तरंगता गोळा हरवलेला. तीही सहावी.

कपाटातली पेटी पुसून टेबलावर घेतली. आता चाचणी हिच्यावर. भिंतीवरची भिंतीवर राहो.

१५ सप्टेंबर, सोम.

टार्गेट: आर्म, पिढी ६. सक्तीने, स्पष्ट, एकही शब्द सर्व्हरच्या मनावर न सोडता. हिरवा. टेबलावरच्या जुन्या पेटीत भरला, १०:५० ला सुरू. संध्याकाळी ५:३० पर्यंत एकदाही पडला नाही. दर अर्ध्या तासाने पाहिले, चौदा टिकमार्क.

काकांना फोन केला. सांगितले, उद्या सकाळी सहाला पेटी बोलायला लागेल.

"मंग मी लोकायले सांगू का?"

"सांगा."

१६ सप्टें.

सांगायला नको होते.

पेटी सुरू होते तेव्हा भोंगा एकदा छोटा "पीं" करतो. आपलीच सोय, सुरू झाली हे कळावे म्हणून. कोंढ्याची पेटी सहाला सुरू झाली, चार सेकंदांत पडली, आपोआप पुन्हा सुरू झाली, पुन्हा पडली. पीं. चार सेकंद. पीं. तलावाच्या बांधावर लोक जमलेले, काकांनीच बोलावलेले. म्हशी बिचकून पाण्यातून बाहेर आल्या आणि कोणाच्या तरी परसात शिरल्या.

काका फोनवर, मागे तेच चालू: "होमराज... (पीं)... तुह्या डब्ब्याले उचकी लागली गा. (पीं) कोण आठवण काढून राहिलं तिची? (पीं) पाणी पाजू का?"

म्हटले, लाल वायर ओढा. ओढली. शांत.

मग यशोदाबाईंचा आवाज, लांबून: "सांग त्याले, पंचवीसले अशी उचकी लागली तं मी वायर नाई, खांबच उपटते."

सरांना मी स्वतः जाऊन सांगितले, कोणाकडून कळण्याआधी. ऐकून घेतले. "नागपूरचा माणूस एकोणतीसला येतोय. आधीच ठरवून ठेवलं. पाळीत वाजलं तर त्याला चहा पाजून परत पाठवीन."

मी परत टेबलावरच्या पेटीकडे गेलो.

१७ सप्टें.

टेबलावर चालतो, कोंढ्यात पडतो. चिप तीच, फाइल तीच. मग फरक काय?

जेवणाचा डबा उघडलाच नाही. आईला कळले तर... (तिला कळत नाही असे काही नसते.)

१८ सप्टेंबर, गुरु.

सापडले!

टेबलावरच्या पेटीला गोळा नाही. त्यामुळे गोळा वाचणारा भाग तिथे कधी चालतच नाही. कोंढ्यात गोळा आहे. चौथ्या सेकंदाला प्रोग्रॅम गोळ्याला हात लावतो आणि तिथेच मरतो.

आता तो भाग पाहिला. तयार फाइलवर आतून शिक्का असतो, ती कोणत्या पिढीसाठी आहे त्याचा. एक छोटे साधन आहे, ते शिक्का वाचते. मी आज्ञेत लिहिले ६. फाइलवर शिक्का ७.

तीनदा वाचला. ७.

गोळा वाचणारा भाग वेगळ्या भाषेत, वेगळा बांधला जातो. ९ तारखेला तो सातवीसाठी बांधला गेला आणि सर्व्हरच्या कोठीत, म्हणजे तयार तुकडे साठवायच्या जागेत, पडला. त्यानंतर त्यात काही बदल नाही, म्हणून सर्व्हर दर वेळी कोठीतला तयार तुकडाच उचलतो. मी ओरडून सहा सांगितले ते नव्याने बांधायच्या भागांना. त्या तुकड्याला कोणी विचारलेच नाही.

नियम (स्वतःसाठी): आज्ञेत काय लिहिले ते बिल्ड नव्हे. फाइलवर काय उमटले ते बिल्ड.

केले ते:
कोठी रिकामी. टार्गेट बदलले की कोठी आपोआप रिकामी व्हावी, तेही लिहिले.
गोळ्याच्या भागालाही सक्तीने ६.
बांधून झाल्यावर सर्व्हरने स्वतः शिक्का वाचायचा. ६ नसेल तर लाल दिवा, फाइल कोठेही जाणार नाही.

मग मुद्दाम एका जागी ७ लिहून पाहिले. लाल. सर्व्हर थांबला. लाल दिवा पाहून इतके बरे वाटेल असे वाटले नव्हते. प्र. ला बोलावून दाखवला.

"लाल दाखवायला बोलावणारा तू पहिलाच," ती म्हणाली. पण खुर्ची ओढून बसली आणि मी लिहिलेली तपासणी ओळ न ओळ वाचली. एका ठिकाणी सुधारली. धन्यवाद म्हटले तर "चल बे".

१९ सप्टें.

स्टोअरमधून नवा गोळा घेतला, टेबलावरच्या पेटीला बसवला. बादली आणली. मगाने पाणी घालायचे, मगाने काढायचे. खूण बादलीच्या मापाने १२ वर.

प्र.: "सर, ऑफिसात तलाव झाला. समिती नेमा."

सर: "पाणकर आहेच बसलेला."

फाइलवर शिक्का ६. गोळा हलला, वाचन बदलले. प्रोग्रॅम पडला नाही. पाणी १२ वर उतरताच भोंगा असा वाजला की खालच्या भांड्याच्या दुकानातला माणूस वर आला. तीस वेळा केले. तीस वेळा वाजला. चपला ओल्या.

२२ सप्टेंबर, सोम.

वाटपाचा क्रम बदलला. आतापर्यंत सर्व पेट्या सहाला एकदम ओढायच्या. आता आधी फक्त कोंढा. कोंढ्याने तीन वाचने नीट दिली की पुढच्या पेटीला फाइल मोकळी. मग तिच्या पुढची. भिंतीवरची सगळ्यात शेवटी. आणि नवी फाइल चालेना तर पेटीने आपोआप जुनी उचलायची, म्हणजे उचकी लागणार नाही.

हा भाग प्र. ने लिहिला, मी नुसते तोंडाने सांगितले. तिने फाइलला नाव दिले "देवचंद". मी म्हटले, सरांना विचारून द्यायला हवे. ती म्हणाली, सरांना विचारूनच दिले आहे.

मला वाटत होते की मी यात कच्चा आहे, कारण पुढचे शिकलो नाही. आज तसे वाटले नाही. एवढेच.

२४ सप्टेंबर, बुध.

कोंढा. मुद्दाम स्वतः आलो, नेटवर सोडले नाही. काकांनी लाल वायर पुन्हा जोडली, काल सकाळी पेटीने नवी फाइल ओढली, तेव्हापासून नीट वाचते आहे, पण डोळ्यांनी पाहायचे होते. दगडावर १३२, पेटीवर १३२. अर्ध्या तासाने दोन्ही १३२. गावात नवरात्राची शारदा बसली आहे, आरतीचा लाउडस्पीकर चालू, त्यामुळे भोंगा ऐकू येईल की नाही याचीही काळजी होती. काकांना गोळा दाखवला, गजावरून खाली ओढला, पेटीला वाटले पाणी ८४ वर आले. वाजला. पार शेवटच्या बांधीपर्यंत ऐकू गेला, पुतण्याचा फोन आला.

यशोदाबाईंकडे पाहिले.

"हातानं तं पिपाणीबी वाजते," त्या म्हणाल्या. "पाण्यानं वाजव."

योग्य बोलल्या. त्यांचा नंबर शेवटी आहे. पेटी आधीच बोंबलली, जुन्या ११० सारखी, तर तुडूम बंद आणि त्यांची बांधी कोरडी. उशिरा बोंबलली तर तलाव रिकामा. चुकीचा फटका पहिला त्यांनाच बसणार आणि अध्यक्ष म्हणून शिव्याही त्यांनाच.

काकांनी चिपचे विचारले. मी सांगितले, प्रोग्रॅम ज्या चिपसाठी बांधला तिच्यावरच चालतो, जुनीला नवीच्या आज्ञा कळत नाहीत.

"मंग सारं जुनीच्या बोलीत बोलाचं. नव्याले समजतेच ना?"

हो.

"एवढ्याले पंधरा दिवस लागले?"

२५ सप्टें.

सकाळी सातला तुडूम उघडले. नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा पेटीवरही ठेवला. सुरुवात १३२.

मी सुट्टी टाकली आहे चार दिवस. सर "कशाला" म्हणाले नाहीत.

काका आज पेटी माझ्या भरवशावर टाकून खाली शेवटच्या बांधीवर गेले. पाणी तिथे ११:४० ला पोचले. मोबाइलवर मला फोटो, नुसत्या चिखलाचा, खाली काही लिहिलेले नाही.

२६ सप्टें.

१२०. दगडही १२०.

इतर पेट्या एकेक करून नवी फाइल घेत आहेत. रोज सहाला एक, आज तिसरी झाली. कोठे अडले नाही. प्र. चा मेसेज: "म्हातारे जोरात."

२७ सप्टेंबर, शनि.

दुपारी १:१० ला पाणी ११० वर आले. जुना प्रोग्रॅम असता तर इथेच बोंबलला असता. मी पेटीसमोर उभा. १०९. काही नाही. १०८. काही नाही. गप्प राहिली. गप्प राहिली म्हणून एवढा आनंद मला तरी पहिल्यांदाच.

यशोदाबाई लांबून पाहत होत्या.

२८ सप्टेंबर, रवि.

तलावाच्या बांधावर बसून लिहितो आहे. वही गुडघ्यावर, म्हणून अक्षर वाकडे.

सकाळी सात: दगड ९५, पेटी ९५.
दहा: दगड ९२, पेटी ९२.
बारा: दगड ९०, पेटी ९०.

बाकी सगळ्या बांध्या भरल्या. पावणेबाराला काकांनी यशोदाबाईंचा धुरा फोडला. त्या स्वतः फावडे घेऊन उभ्या. तिसऱ्या प्रहरी पाणी त्यांच्या बांधीत निम्म्यावर.

सरांचा फोन. उद्या नागपूरचा माणूस दहाला येणार. "तू ऑफिसला असशील ना?"

म्हटले, असेन. भोंगा वाजला की निघतो.

"आणि नाही वाजला तर?"

"तरी असेन, सर. त्याला लाल दिवा कसा लावायचा ते मीच दाखवीन. पण वाजेल."

म्हणाले, "फोन चालू ठेव."

फोन ठेवल्यावर वाक्य परत घ्यावेसे वाटले नाही. शिक्का ६ आहे, पेटीतली फाइल मी सकाळी पुन्हा वाचून पाहिली. गोळा हलतो. दगड आणि पेटी चार दिवसांत एकदाही वेगळे बोलले नाहीत. जे माझ्या हातात होते ते झाले. उरलेले पाण्याच्या हातात.

आईने भाकरी आणि झुणका पाठवला होता. खाल्ला. सगळा.

काका खालून चालत आले, पाय मांडीपर्यंत चिखलाचे. शेजारी बसले, बिडी काढली, पेटवली नाही. आम्ही दोघे दगडाकडे पाहत होतो. यशोदाबाईंनी खालून हाक मारली, "काय गा होमराज, वाजते का नाई?"

"तुमची बांधी भरली का, काकू?"

त्यांनी वाकून धुऱ्याशी हात बुडवून पाहिला. "चार बोटं बाकी आहे."

"इथंबी तेवढंच," काका म्हणाले.

दोन: दगड ८८, पेटी ८८.
तीन: दगड ८७, पेटी ८७.
चार: दगड ८६, पेटी ८६.
पाच: दगड ८५, पेटी ८५.
सहा (ओळ आखून ठेवली, आकडे भोंगा वाजला की): दगड      , पेटी